पंचेचाळीस सेकंदांचा पेंगेली

रॉयडन पेंगेली अजून जिवंत आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल चांगलं बोलायची सक्ती माझ्यावर नाही.

आमच्या कुराबिनच्या दवाखान्यात तो सीटी स्कॅनचं मशीन चालवतो. टेक्निशियन म्हटलेलं त्याला चालत नाही, रेडिओग्राफर म्हणायचं. मशीन येऊन नऊ वर्षं झाली, पेंगेलीला येऊन सव्वीस. आधी साधे एक्स-रे काढायचा, तेही ह्याच थाटात. उंच, वाळका माणूस, मानेवर बारमाही पुरळ, शर्टाच्या खिशात कंगवा. टेबलावर झोपवलेला पेशंट खोकला की त्याच्याकडे असा बघायचा, जणू त्यानं चर्चमध्ये पादलंय. पाय मोडलेल्या पोरालाही म्हणायचा, "रड, पण हलू नकोस." पेंगेलीच्या लेखी माणूस म्हणजे चित्र बिघडवणारी एक अडचण होती.

मी तातडीच्या विभागात नर्स आहे. त्याच्या माझ्यात एक भिंत, आणि तेवढी मला कधीच पुरली नाही.

एक गोष्ट कबूल करते, नाहीतर हे सगळं खोटं होईल. त्याला दिसायचं. मेंदूचा झटका येऊन तासभरच झाला असेल, तर साध्या स्कॅनमध्ये तुम्हाआम्हाला काही कळत नाही. मेंदू आपला अक्रोडासारखा छान दिसतो. पेंगेलीला त्यात गुठळीनं बुजलेली शीर पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसायची. करडा भाग आणि पांढरा भाग ह्यांच्यामधली कड पुसट व्हायला लागली असेल, ओल्या चुन्यावरून बोट फिरवल्यासारखी, तर ती त्याला शहरातल्या डॉक्टरांच्या आधी दिसायची. नजर देवानं दिली होती. मात्र ती देताना देव दुसरं काहीतरी द्यायला विसरला.

नियम असा की जे दिसलं ते त्यानं नातेवाइकांना सांगायचं नाही. ते डॉक्टरचं काम. पेंगेली नियमाला पक्का, दवाखान्यात तोंडातून शब्द काढायचा नाही. काढायचा तो शुक्रवारी, बोलिंग क्लबात, मटण बक्षीस लावलेली सोडत चालू असताना. तिथं तो काउंटरला कोपर टेकून लेमोनेड घातलेली बियर पीत उभा असायचा, आणि अख्खं गाव एकेक करून त्याच्यापाशी जायचं.

"रॉय, आमच्या म्हाताऱ्याचं काय रे?"

पेंगेली आधी घोट घ्यायचा. मग छताकडे बघायचा. "डावा हात विसरा. पाय येईल."

आणि तसंच व्हायचं. हात जायचा, पाय यायचा. कुणाबद्दल म्हणाला, "ओळखेल, पण बोलणार नाही," की ते माणूस ओळखायचं, बोलायचं नाही. मग त्या घरचं कुणीतरी त्याचा ग्लास पुन्हा भरायचं. गावाला वाटायचं, केवढा थोर माणूस आपल्यात राहतो. मलाही वाटायचं, आणि ह्याबद्दल मी स्वतःला अजून पुरते जोडे मारलेले नाहीत.

तो हे सांगायचा रंगांवरून. शिरेतून स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध सोडायचं, ते मेंदूत जाऊन परत बाहेर पडेपर्यंत मशीननं स्कॅन घेत राहायचं, आणि मग कॉम्प्युटर नकाशा काढतो. लाल म्हणजे मेलेलं. हिरवं म्हणजे उपाशी, पण जिवंत. हिरवं भरपूर असलं की शहरातला डॉक्टर विमान पाठवतो आणि तिकडे नेऊन मांडीतल्या शिरेतून तार घालून गुठळी ओढून काढतात. लालच लाल असलं की विमान येत नाही. मग आमच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट.

आता ह्यातली पेंगेलीची करामत ऐका. औषध सोडल्यावर स्कॅन सत्तर सेकंद चालवायचा असतो. पेंगेली तो पंचेचाळीसला थांबवायचा. का, तर शेवटी शेवटी पेशंट चुळबुळ करतात, मान हलवतात आणि चित्र फिसकटतं. फिसकटलेलं चित्र शहरात पाठवायचं म्हणजे त्याच्या इज्जतीचा प्रश्न. पंचेचाळीसला थांबवलं की सगळं कसं आरशासारखं. मशीन विकणाऱ्या कंपनीनं त्याला एकदा प्रमाणपत्रही दिलं होतं, जिल्ह्यातल्या सर्वांत स्वच्छ चित्रांबद्दल. ते त्यानं हात धुवायच्या बेसिनच्या वर टांगलं, म्हणजे हात धुणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं.

तो आधी थांबवतो हे मला माहीत होतं. मला वाटायचं, हुशार माणूस आहे, त्याला तेवढ्यात कळतं.

धडधाकट हृदयाच्या माणसाला पंचेचाळीस सेकंदही कसेबसे पुरतात. पण झटका येतो कुणाला? ज्यांचं हृदय आधीच रखडत चाललंय त्यांना. त्यांच्यात औषध मेंदूत उशिरा पोचतं. ते अजून चढतंच आहे तोवर पेंगेलीनं बटण दाबलेलं असायचं. कॉम्प्युटरला वाटायचं, इथं रक्त पोचलंच नाही, म्हणजे हे मेलं. जिवंत मेंदू लाल व्हायचा. लाल म्हणून विमान नाही. विमान नाही म्हणून माणूस सुधारायचा नाही. सुधारला नाही की क्लबात पेंगेलीचा ग्लास भरायचा.

ऊना प्राउज आमच्या शाळेत भूगोल शिकवायची. अख्ख्या गावाला नद्या पाठ तिच्यामुळे. तिला झटका आला तेव्हा नकाशा लाल आला, आणि शुक्रवारी पेंगेली म्हणाला, "बाई खुर्चीतच." झालं. तिच्या बहिणीनं झटका आलेल्यांना पुन्हा चालतं-बोलतं करणाऱ्या शहरातल्या केंद्रातली तिची जागा सोडून दिली. म्हणाली, कशाला बिचारीला छळायचं, रॉय म्हणालाय ना. ऊना अजून वृद्धाश्रमात खुर्चीत आहे. डाव्या हातानं रुमालाची घडी घालते, उलगडते, पुन्हा घालते.

आणि एका मंगळवारी गार्थ मॅडर्नला झटका आला.

गार्थ म्हणजे आमच्या मेंढीबाजाराची जीभ. लिलाव पुकारायचा. मेंढ्या कोंडलेल्या वाडग्यांच्या वरच्या फळकुटावरून तो चालत जायचा आणि तोंडातून असा धबधबा सोडायचा की नवख्याला एक अक्षर कळू नये आणि बोलीसाठी वर झालेला खरेदीदाराचा एक हात सुटू नये. घरी जेवतानाही तसाच बोलायचा. बायको लोरेल म्हणायची, "ह्याला ब्रेक न्हाईत, गिअर तेवढे हाईत." ऊनाला भेटून आला तेव्हा बायकोला म्हणाला होता, "माजी वाचा गेली ना लोरेल, तर मला असा खुर्चीत बसवून ठिवू नगंस. सरळ जाऊ दे मला." हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं, कारण गार्थची कुठलीच गोष्ट तिथं लपून राहायची नाही.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला, सातव्या वाडग्यावर, त्याचे आकडे अडखळले. मग एकच आकडा पुन्हा पुन्हा. मग आकडाही नाही, नुसता घरघराट.

खालून एकजण ओरडला, "आरं गार्थ, रातची उतरली न्हाई का अजून?"

पोरं हसली. गार्थनं उजवा हात वर करायला घेतला, तो आलाच नाही. मग तो फळकुटावरून मेंढ्यांच्या अंगावर कोसळला. मेंढ्यांनीच त्याला झेललं म्हणायचं. तेव्हा कुठं हसणं थांबलं.

वीस मिनिटांत आमच्याकडे होता. डोळे उघडे, उजवं अंग पडलेलं, तोंडातून "ता, ता, ता". लोरेल त्याची टोपी हातात घेऊन मागोमाग आली. टोपीला मेंढीची लेंडी चिकटली होती, ती लोरेल नखानं काढत राहिली.

साध्या स्कॅनमध्ये पेंगेलीनं चार मिनिटांत दोरा दाखवला. डाव्या बाजूची मोठी शीर, वाचेची बाजू. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येत नव्हतं, कारण गार्थचं हृदय वेडंवाकडं चालायचं आणि त्यानं सकाळीच रक्त पातळ करायची गोळी घेतली होती. राहिलं विमान. मग औषध सोडलं, रंगांचा स्कॅन झाला, आणि नकाशा आला. डावी बाजू जवळजवळ सगळी लाल.

पेंगेली कंगवा काढून केस विंचरायला लागला. व्हिडिओच्या पडद्यावर शहरातली डॉक्टर यायची होती, तिला दोनेक मिनिटं लागणार होती. तेवढ्यात त्यानं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. कॉरिडॉरमध्ये लोरेल उभी होती, तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "लोरेल, अर्धा मेंदू गेलाय. बोलायचा नाही तो. विमानाची वाट बघत बसू नकोस, उगाच हाल."

शुक्रवारपर्यंत दम निघाला नाही त्याला. गिऱ्हाईक मोठं होतं ना.

पडद्यावर आली ती डॉक्टर थिलिनी वीरकून. वय फार तर छत्तीस, केस वर बांधलेले, आवाज हळू. पेंगेली असल्या तरुण डॉक्टरांना "शहरातली कोवळी भाजी" म्हणायचा. तिनं नकाशा पाहिला, मग साधा स्कॅन पाहिला, मग पुन्हा नकाशा.

"पेंगेली, कड स्पष्ट आहे," ती म्हणाली.

"कुठली कड?"

"साध्या स्कॅनमधली. करडं वेगळं, पांढरं वेगळं. इतका मेंदू मेला असता तर ती पुसली गेली असती. निदान थोडी तरी."

"एक तासच तर झालाय. पुसली जाईल."

"कदाचित. मला औषधाचा आलेख दाखवा."

आलेख आला. रेघ टेकडीसारखी वर चढत होती, आणि माथ्यापाशी चित्रच संपत होतं. उतार नव्हताच.

"हा किती सेकंद चालवला तुम्ही?"

पेंगेलीनं कंगवा खिशात घातला.

"पंचेचाळीस," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची विजार ओढली. "मी हे चाळीस डॉक्टरांना पाठवलंय," तो म्हणाला, "एकाची तक्रार नाही."

"मग चाळीस जणांनी आलेख बघितला नाही," वीरकून म्हणाली. आवाज तसाच हळू. "ह्याचं हृदय सावकाश चालतंय. औषध पोचायच्या आत तुम्ही बंद केलंत. पुन्हा काढा. सत्तर."

"पुन्हा औषध? मूत्रपिंडावर ताण येतो त्याचा, ते कोण बघणार?"

"मी बघते. तुम्ही बटण बघा."

त्यानं काढला. आदळआपट करत काढला. टेबल सरकवताना गार्थच्या पडलेल्या हाताला धक्का दिला, आणि तो हात मी उचलून पुन्हा पोटावर ठेवला. शेवटच्या पंचवीस सेकंदांत गार्थ हललाही थोडा, आणि पेंगेली दातांतून "स्स" करत राहिला. चित्र कडेला फिसकटलं. नकाशात लाल उरलं अंगठ्याच्या पेराएवढं. बाकी सगळं हिरवं.

वीरकूननं विमान मागवलं. पन्नास मिनिटं लागणार होती, आणि गार्थच्या डोक्यात प्रत्येक मिनिटाला काहीतरी उपाशी मरत होतं. फक्त लोरेलची सही हवी होती.

लोरेलनं मान हलवली. "न्हाई."

"लोरेल, आता हिरवं आलंय," मी म्हटलं. "वाचा परत यायची आशा आहे."

"डी, तू चांगली हाईस. पण रॉयनं सांगितलंय, अर्धा गेला. मगाशी गेलेला आता कसा आला? शहरात त्याच्यावर शिकाऊ पोरं हात साफ करतील, आन मला खुर्ची परत पाठवतील. त्यानं मला सांगून ठिवलंय, असं झालं तर जाऊ दे म्हणून. मी त्याला शब्द दिलाय."

पडद्यावरून वीरकून बोलली, समजावलं. लोरेलनं ऐकून घेतलं आणि टोपीवरून हात फिरवत राहिली. "तुमी शानी असाल डॉक्टर. पण रॉय आजवर चुकला न्हाई."

तेव्हा मला कळलं की आता पेंगेली बोलल्याशिवाय गार्थ विमानात चढत नाही. गावातल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडाला किंमत नव्हती, ती सगळी आम्ही ह्याला देऊन बसलो होतो. पेंगेली बेसिनपाशी हात धूत होता. स्वच्छ हात पुन्हा स्वच्छ.

"रॉय, जाऊन सांग तिला."

"काय सांगू? दुसरं चित्र कडेला खराब आहे."

"सांग की पहिलं चुकलं."

"माझं चित्र चुकलेलं नाही. स्पष्ट होतं."

"स्पष्ट होतं आणि खोटं होतं. जा."

"तू मला शिकवू नकोस, डी."

"मी शिकवत नाही. तू गेला नाहीस तर ह्या शुक्रवारी काउंटरवर मी उभी राहीन. आणि सेकंद सांगेन."

ह्यावर तो गेला. गार्थसाठी नव्हे, लोरेलसाठी नव्हे, काउंटरसाठी. तरी तिच्यापर्यंत गेला हे खरं.

"लोरेल," तो म्हणाला, "मशीननं गडबड केली."

"म्हंजी?"

"म्हणजे पहिल्या वेळी बरोबर आलं नव्हतं."

"पण तू म्हणालास..."

"मी नाही म्हणालो. मशीन म्हणालं."

लोरेलनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ही बाई चाळीस वर्षं लिलाववाल्याबरोबर राहिलेली, कोण माल पाहून बोलतंय आणि कोण उगाच बोलतंय, तिला कळतं. "मशीनशी माजं बोलणं न्हाई, रॉय," ती म्हणाली. "तू सांग. त्यो बोलंल का?"

पेंगेलीच्या मानेवरचं पुरळ कानापर्यंत चढलं. त्यानं छताकडे पाहिलं. घोट घ्यायला हातात ग्लास नव्हता.

"सांग की."

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

दाढ उपटताना माणूस जसा आवाज काढतो, त्या आवाजात म्हणाला. पण म्हणाला. सव्वीस वर्षांत आम्ही ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पावसाबद्दलही नाही.

लोरेलनं पेन मागितलं. "तुला म्हाईत न्हाई, म्हंजी मग बघाय पायजे," ती म्हणाली आणि सही केली.

विमानानं नेला. दुपारी गुठळी ओढून काढली, दीड इंच. तिसऱ्या दिवशी गार्थ बायकोचं नाव म्हणाला. अर्धवट, पण तिचंच.

तुम्हाला वाटेल, पेंगेली सुधारला. त्या शुक्रवारी मी क्लबात गेले तर हा काउंटरला कोपर टेकून उभा, आणि चारजण त्याला घेरून. "रॉयनं दुसऱ्यांदा स्कॅन काढला म्हणून गार्थ वाचला," असं एकजण मला सांगत होता. "शहरातल्या पोरीला तर काय समजत नव्हतं." पेंगेली ऐकत होता आणि बियर पीत होता. मला बघून त्यानं नजर छताला लावली. मग मी काउंटरवर गेले आणि सेकंद सांगितले. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या वेळी सोडतीचा नंबर पुकारला जात होता.

पुढं वीरकूननं जुने स्कॅन तपासायला लावले. अकरा माणसांचे आलेख मध्येच तुटलेले निघाले. त्यांतल्या चौघांबद्दल पत्रात लिहिलं होतं, वेळेवर पाठवले असते तर काय झालं असतं हे आज सांगता येत नाही. ऊना त्या चौघांत आहे. तिच्या बहिणीनं ते पत्र माझ्या टेबलापाशी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, आणि विचारलं, केंद्रातली जागा आता परत मिळेल का. मी फोन केला. यादी लांब आहे, नाव घातलंय.

पेंगेलीनंही ते पत्र वाचलं. म्हणाला, "सांगता येत नाही, म्हणजे मी चुकलो असं कुठं लिहिलंय?" त्याला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर आमच्या गावात मशीन चालवायला दुसरा कोण येणार आहे? एक कागदी समज दिली, आणि मशीन असं लावून टाकलं की सत्तर सेकंदांच्या आत बटण दबतच नाही.

साडेतीन महिन्यांनी गार्थ पुन्हा तपासणीच्या स्कॅनला आला. काठी टेकत, लोरेल एका बाजूला. चालणं बरं होतं. बोलणं येत होतं, पण एकेक शब्द विहिरीतून पोहऱ्यानं ओढल्यासारखा. अजून बाजारात उभा राहत नव्हता. घरी कुत्र्यापुढे लिलावाचा सराव करतो असं लोरेल सांगत होती, आणि कुत्रं बिचारं दर वेळी विकलं जातं.

स्कॅन झाला. पेंगेली कागद घेऊन निघाला होता तेवढ्यात गार्थ दाराच्या चौकटीला खांदा लावून थांबला. बाहेरच्या बाकांवर सहासात माणसं बसली होती.

"पें... गेली," तो म्हणाला.

"काय?"

"तुला... मी..."

पेंगेलीनं घड्याळ पाहिलं. बाकावरचा एक म्हातारा मदतीला धावला, "धन्यवाद म्हणतोय, रॉय."

"त्याला सांगू द्या," लोरेल म्हणाली.

गार्थनं श्वास घेतला. "तुला... मी... वाडग्यात... उभा... केला..."

कुणीतरी खोकायला आलेलं दाबलं.

"धुऊन... पुसून... उभा... केला... तरी..."

पेंगेलीची मान लाल होत गेली. गार्थचा जबडा पुढच्या शब्दाशी झगडत होता. कपाळावर घाम आला होता. लोरेलनं पुसायला रुमाल काढला, त्यानं डाव्या हातानं बाजूला केला.

"एक... सुद्धा... हात... वर... व्हायचा... न्हाई."

मग तो हसला, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात जास्त, उजव्या कोपऱ्यात थोडं कमी. बाकांवर आधी लोरेलच हसली.

पेंगेलीनं ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उभ्यानं ऐकलं. त्याच्यात काही बदललं होतं म्हणून नव्हे. गार्थ दारात उभा होता, आणि त्या खोलीला बाहेर पडायला दुसरी वाट नाही.